बाईंचे पिवळे बिल्ले

आमच्या गावात एका माणसानं वर्षाला किती लाकूड जाळायचं हे ठरलं, तेव्हा मीही हात वर केला होता. सगळ्यांनीच केला. ग्रामसभा समाजमंदिरात होती आणि बाहेर ऊन असं, की शेळ्यासुद्धा भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कंपनीकडून आलेला माणूस घाम पुसत सांगत होता की धुरामुळे जग तापत चाललं आहे. मला हसू आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला एप्रिल महिन्यात जग तापतंय हे सांगायला माणूस कशाला पाठवायचा? पण माणूस वाईट नव्हता. बोलताना बायकांकडंही बघायचा. गावानं त्याला कारबनभाऊ असं नाव ठेवलं आणि त्यानंही ते मुकाट चालवून घेतलं.

त्याचं म्हणणं असं होतं. मोठमोठ्या कारखान्यांना आता धुराचा वाटा ठरवून दिलेला आहे. एखाद्याला वाट्यापेक्षा जास्त धूर सोडायचा असेल, तर त्यानं दुसऱ्या कुणाचा तरी वाचलेला धूर विकत घ्यायचा. आमच्या गावाकडं वनहक्क कायद्यानं मिळालेलं जंगल आहे. त्यातलं लाकूड आम्ही कमी जाळलं तर जो धूर वाचेल, तो त्याची कंपनी कारखान्यांना विकणार आणि पैसे ग्रामसभेला मिळणार. "म्हंजे आपून नाई जाळाचं, अन् त्यायनं जाळाचं?" असं मागून कुणीतरी विचारलं. कारबनभाऊ म्हणाला, तसं नाही, सगळं मिळून धूर कमीच होतो. तो कसा कमी होतो ते त्यानं नीट समजावून सांगितलं आणि मला ते तेव्हा समजलंही. घरी येईपर्यंत मी विसरले.

पुढच्या जानेवारीत बिल्ले आले. पत्र्याचे, गोल, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठे. दर मोठ्या माणसामागे पिवळे आणि धंद्याला लाल. एक बिल्ला म्हणजे एक मोळी. जंगलातून मोळी घेऊन निघालं की नाक्यावर बसलेल्या, ग्रामसभेनं नेमलेल्या समितीच्या माणसापुढं बिल्ला टाकायचा आणि घरी जायचं. बिल्ले संपले की जंगल बंद. धंद्याचं लाकूड घरात आणि घरचं धंद्यात चालणार नव्हतं. आमच्याकडं दोन्ही रंग होते, कारण पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर फाट्याला आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काही बाकं, एक भट्टी, आलूबोंडे, भजी आणि चहा. भट्टी मी सांभाळते, गल्ला नवरा सांभाळतो, आणि दिवसभर दोघंही एकमेकांच्या चुका काढतो.

खोटं कशाला बोलू, कंपनीनं आगाऊ दिलेल्या पैशातून गावात पाण्याची टाकी झाली आणि दारात नळ आला. लग्न होऊन गोंडपिपरीहून या गावात आले तेव्हापासून मी डोक्यावरून पाणी वाहत होते. नळ आला त्या दिवशी मी तोटी उघडून नुसतीच बघत उभी राहिले. पुढं याच नळानं माझं तोंड बंद केलं. कुरकुर करायला गेलं की समोरची बाई विचारायची, "नळ पायजे ना तुले?" पाहिजे होता. अजूनही पाहिजे.

नियम करताना ग्रामसभेनं सगळ्यांचा विचार केला होता. लग्नघराला जादा बिल्ले. बाळंतिणीच्या घराला जादा. होळीला गावाची मिळून एक गाडी. कुंभाराच्या भट्टीला वेगळे. आमच्या हॉटेलवरून तर चांगलीच जुंपली. फक्त एक गोष्ट कुणी काढली नाही. सभेच्या सुरुवातीला नारळ फोडलेला, समोर उदबत्ती जळतेय, अशा वेळी मयतीचं नाव काढायचं नसतं. मनात सगळ्यांच्याच आलं असणार. मी शेजारणीकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि दोघींनी पदर सारखा केला. अशा रीतीनं आमच्या शहाण्या गावानं वर्षाचं सगळं लाकूड वाटून टाकलं आणि मरणाऱ्यासाठी एक काडी ठेवली नाही.

आमच्याकडची रीत अशी, की मयत झाली की गावातल्या प्रत्येक घरातून एक लाकूड जातं. नातं असो नसो, बोलणं असो नसो. माणूस खांद्यावर लाकूड घेऊन येतो, मयतीच्या दारात टाकतो आणि मगच बसतो. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत मागच्या आळीतला एक म्हातारा गेला. तोवर बऱ्याच घरांचे बिल्ले निम्म्यावर आले होते आणि पुढं अख्खी थंडी पडलेली. लोक आले, रीत कुणी मोडली नाही. पण कुणी मनगटाएवढं आणलं, कुणी बोटाएवढं, कुणी गोवऱ्यांवर भागवलं. आमच्याकडून गेलेलंही काही फार जाड नव्हतं. वरून पाऊस. पुरुष स्मशानातून परत आले ते ओलेचिंब. चिता मध्येच विझत चालली, तेव्हा म्हाताऱ्याच्या मुलानं पळत घरी येऊन गोठ्याचं दार उचकटलं आणि नेऊन वर टाकलं, असं नवऱ्यानं ओसरीवर बसून सांगितलं.

सासूबाई तिथंच भिंतीला टेकून डाळ निवडत होत्या. आमच्या घरात त्यांना सगळे बाई म्हणतात. बाईंनी सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "माह्ये बिल्ले कुठी हायेत?"

मी फडताळातून काढून दिले. त्या वर्षातले त्यांच्या वाट्याचे जे उरले होते ते सगळे त्यांनी पदरात बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"हे माह्या चितेचे," म्हणाल्या. "माह्यासाठी कोनी दार उचकटाचं नाई."

नवरा म्हणाला, "बाई, लोक आनतीन ना लाकूड."

"बोटाएवढं?" बाईंनी विचारलं आणि पुन्हा डाळ निवडायला घेतली.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. माझी सासू तशी लहरी. एकदा रागावून त्यांनी पावसाळाभर माझ्या हातचा चहा घेतला नव्हता आणि नंतर कशावरून रागावल्या होत्या तेच विसरल्या. पण दिवाळी झाली, धान घरात आलं, सकाळी अंगणात गारवा जाणवायला लागला, तरी पदराची गाठ सुटेना. लोक जेव्हा सांगतात की जग तापतंय, तेव्हा आमच्या जंगलातल्या पौषाचं काय करायचं ते सांगत नाहीत. उन्हाळ्यात भाजायचं आणि थंडीत हाडं कडकडायची, दोन्ही आमच्याच वाट्याला.

पूर्वी थंडीत बाईंचं एकच काम असायचं. पहाटे उठून अंगणात शेकोटी करायची, तिच्याभोवती आळीतल्या म्हाताऱ्या गोळा करायच्या आणि सुनांची उणीदुणी काढायची. मी आतून भाकरी थापत सगळं ऐकायची. आता शेकोट्या बंद झाल्या होत्या. आमच्या दोघांच्या बिल्ल्यांत स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी कसंबसं भागायचं. त्यातही बाई गरम पाणी घेईनात. थंड पाण्यानं आंघोळ करायच्या आणि कुडकुडत म्हणायच्या, "तुमच्या वाट्याचं मी काऊन जाळू?" गॅस आहे ना घरात, असं शहरातले पाहुणे लगेच विचारतात. आहे. गॅसवर चहा होतो, भाजी होते. गॅसभोवती म्हातारं माणूस बसवता येत नाही. तुऱ्हाट्या म्हणाल तर मागच्या वर्षीच्या संपलेल्या आणि नवी तूर अजून बांधावर उभी.

आणि मी? मी दिवसभर भट्टीपुढं. माझी परिस्थिती बघून मलाच चीड यायची. कढईखाली लाल बिल्ल्याचं लाकूड धडधडायचं, ट्रकवाले तळवे शेकत चहा प्यायचे, मला घाम फुटायचा, आणि हाकेच्या अंतरावर माझी सासू दोन गोधड्यांत दात वाजवत पडलेली. तिथलं एक लाकूड उचलून घरी न्यावं तर गुन्हा. घरी बसावं तर हॉटेल कोण बघणार? मला दोन्हीकडून दार लावून घेतल्यासारखं वाटायचं.

शेवटी मी बाईंनाच हॉटेलात आणलं. भट्टीच्या बाजूला पोतं अंथरलं आणि बसवलं. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, सुटले. बसल्या बसल्या त्या गिऱ्हाइकांना शिस्त लावायला लागल्या. एका भल्या माणसाला म्हणाल्या, "एवढी मिरची खाऊन राह्यला, घरी बायको हाये का नाई सांगाले?" तो हसला आणि त्यानं आणखी एक प्लेट भजी घेतली. असे काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी समितीतला एक जण चहा प्यायला आला. बाईंकडं बघून गमतीनं म्हणाला, "काय बाई, लाल बिल्ल्यावर शेकून राह्यल्या का?" बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाई उठल्या, पोतं झटकलं, घडी करून ठेवलं आणि घराकडं चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मी पुष्कळ विनवलं.

"मी नाई येत," त्या म्हणाल्या. "उद्या माह्या मयतीले लोकाइनं म्हटलं, म्हातारी धंद्याच्या आगीवर जगली, तर?"

आपल्या मयतीला लोक काय बोलतील ते आपल्याला ऐकू येणार, अशी त्यांची खात्रीच होती.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं होतं तर ग्रामसभेत जाऊन मयतीसाठी वेगळं लाकूड मागायचं. एवढीशी गोष्ट. गाव काही दुष्ट नव्हतं, कुणी नाही म्हटलं नसतं. पण मागायचं कुणी? मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "माय घरात जिवंत हाये अन् मी पोरगा उभा राहून तिच्या लाकडाचं इचारू? कसं दिसन ते?" मग मी बोलायचं तर त्याहून वाईट. सून उभी राहिली आणि चितेच्या लाकडाचं काढलं, की संपलंच. सासू मरायची वाट पाहून राह्यली, असं आळीनं दोन पिढ्या सांगितलं असतं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस नव्हतं त्यांना गरज नव्हती, आणि ज्यांच्या घरात होतं त्यांना तोंड नव्हतं. गावात आमच्यासारखी किती घरं असतील कोण जाणे, प्रत्येक जण आपापल्या घरात गप्प.

डिसेंबरात बाईंच्या हातातून पेला निसटायला लागला. बोटं वळायची नाहीत. खोकला बसला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना ऊब द्या, या वयात गारठा सोसत नाही. मी मान डोलावली. काय सांगणार होते? यांची ऊब यांच्याच पदरात बांधलेली आहे आणि गाठ सोडू देत नाहीत, असं?

त्या दिवशी घरी आल्यावर माझा तोल गेला. मी ओरडलेच, "बाई, जिवंतपनी गारठून मराचं अन् मंग ऐटीत जळाचं, हे कोनतं शहानपन? सोडा ती गाठ!"

मला वाटलं, आता त्या भांडणार. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "पोरी, आता थंडी वाजली तं तू हायेस. तिकडे मी एकटीच राहीन."

मी माझी गोधडी आणून त्यांच्या अंगावर टाकली आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. पाय बर्फासारखे होते आणि मी रडत होते. त्यांनी माझ्या रडण्याकडं लक्ष दिलं नाही.

नव्या वर्षाची पहिली ग्रामसभा होती. कारबनभाऊ हिरवे बिल्ले घेऊन आला होता. जुने पिवळे जमा करायचे आणि नवे न्यायचे. बाई म्हणाल्या, मी येणार. चालवत नव्हतं, तरी आल्या. एका हातानं माझा दंड धरलेला आणि दुसऱ्या हातात पदराची गाठ. समाजमंदिरात नारळ फुटला, खोबरं वाटलं. आमचा नंबर आल्यावर बाईंनी टेबलाजवळ जाऊन गाठ दातांनी सोडली आणि सगळे पिवळे बिल्ले कारबनभाऊसमोर ओतले.

"हे मोजून घे बाप्पा," त्या म्हणाल्या. "अन् तेवढे हिरवे जास्तीचे दे. हे मी ठेवून देल्ले होते."

त्याला काही क्षण कळलंच नाही. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं, "आजी, हे मागच्या वर्षाचे आहेत. वर्ष संपलं की न वापरलेलं सगळं गावाच्या बचतीत जातं. पुढच्या वर्षात नाही घेता येत."

"बचतीतलं मंग दे."

"ते विकलं गेलं, आजी. त्याचेच तर पैसे येतात."

"कोनाले इकलं?"

"एका कारखान्याला. लांब आहे तो."

"मंग त्यायनं जाळलं?"

"लाकूड नाही जाळत ते. कोळसा जाळतात. तुम्ही जेवढं वाचवलं तेवढ्यापुरती त्यांना..." तो थांबला.

"म्हंजे जाळलं," बाई म्हणाल्या. बाईंनी टेबलाला धरून तोल सावरला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "काय शिजवलं त्यायनं माह्या लाकडावर?"

लोक हसले. म्हातारं माणूस काही विचारतं तेव्हा हसतात तसे. मग एकेक जण हसायचा थांबला. कारबनभाऊचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "सिमेंट असेल. नाहीतर लोखंड. मला खरंच माहीत नाही, आजी."

समितीचे अध्यक्ष खाकरले. म्हणाले, हे असं व्हायला नको, आपण अशा प्रसंगासाठी काहीतरी तरतूद ठेवली पाहिजे. "प्रसंग" एवढंच म्हणाले, मयत म्हणाले नाहीत. सगळ्यांनी माना हलवल्या. आता फक्त कुणीतरी उभं राहून ठराव मांडायचा होता. मी उभी राहिले. खरंच राहिले. सभेनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या शेजारी टेकून उभ्या असलेल्या बाईंकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं. नवऱ्यानं खाली मान घातली. अध्यक्षांनी विचारलं, "बोल, काय म्हनतं?"

"नळाले पानी कमी येऊन राह्यलं," मी म्हणाले.

ते टिपून घेतलं गेलं. तेवढ्यात मागून एक म्हातारबा म्हणाले की वर्षाची पहिली सभा आहे, आज नको ते विषय राहू द्या, पुढच्या वेळी बघू. तेही सगळ्यांना पटलं.

सभा उठल्यावर बाई माझा दंड धरून घरी निघाल्या. ओसरीवर आल्या आणि त्यांच्या वाट्याचे हिरवे बिल्ले त्यांनी माझ्या ओंजळीत टाकले. बांधून ठेवले नाहीत. "जाय," म्हणाल्या, "मोळी आन." मला क्षणभर समजेना. मग मी पळतच जंगलात गेले. वाळकं, जाडजूड, धूर न करणारं असं निवडून निवडून लाकूड घेतलं. नाक्यावर हिरवा बिल्ला टाकताना मला लहान पोरीसारखा आनंद झाला होता.

संध्याकाळी मी अंगणात शेकोटी पेटवली आणि बाईंना पोत्यावर बसवलं. त्यांनी आधी हात पुढं केले नाहीत. नुसत्या बघत बसल्या. मग एक हात केला, मग दुसरा. बोटं हळूहळू उघडायला लागली. शेजारची म्हातारी शेकोटी पाहून आली आणि बाजूला टेकली. तिनं विचारलं, "कोनाचं जाळून राह्यल्या?" बाई म्हणाल्या, "माह्यंच हाये." आणि दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी बाईंच्या गालावर रंग आला होता. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या भाकरीला नावंही ठेवली आणि मला ते फार बरं वाटलं.

आग खाली बसत चालली. बाईंनी शाल मागं सारली आणि म्हणाल्या, "अजून एक लाव."

मी मोळीत हात घातला. सगळ्यात जाड लाकूड हाताला लागलं. दंडाएवढं, सरळ, चांगलं वाळलेलं. असं लाकूड लवकर जळून जात नाही, पावसातसुद्धा पेट धरून राहतं. ते उचललं आणि माझ्या मनात आलं की हे ठेवलं पाहिजे. सगळी थंडी मी ज्या हिशेबावरून या बाईशी भांडले होते, तोच हिशेब आता मी मांडत होते, आणि ती समोर जिवंत बसून हात शेकत होती.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या लाकडाकडं पाहिलं. त्यांना सगळं समजलं, मला तेही दिसलं.

"लाव ना पोरी," त्या म्हणाल्या. "थंडी वाजून राह्यली."

लाकूड माझ्या हातातच होतं.